कुडाखालची अंडी

"शेपटीचा ओरखडा कुटाय?" सावित्रा म्हणाली. "पाल म्हनं पाल! दावा की मला शेपूट."

शेजारचे बारकू आबा पिठावर आणखी वाकले. त्यांना कमी दिसतं, पण ते कबूल करत नाहीत. "शेपूट उचलून चालली आसंल."

"माझी भन पालीच्या जन्माला जाईल व्हय आबा? काय बोलताय, जरा बघून बोला."

आमच्यात माणूस गेलं की जिथं जीव गेला तिथं जमिनीवर पीठ चाळून पसरतात. शेजारी दिवा ठेवतात आणि पिठावर वेताची पाटी पालथी घालतात. सकाळी पाटी उचलून काय उमटलं ते बघायचं. ज्याची पावलं दिसतील त्या जन्माला माणूस गेलं असं धरतात. माझी बायको हिरी आषाढात तापानं गेली, पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी. सावित्रा ही तिची धाकटी बहीण. ती टाकव्याहून आली होती आणि पाटी तिनंच उचलली होती.

पावलं उमटली होती खरी. तांदळाच्या कणीएवढी. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच, आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला एक गोल ठिपका. मध्ये पीठ कोरं, मग पुन्हा पावलं. म्हणजे उडी.

"बेडूक हाय," मी म्हणालो.

सावित्रानं पदर तोंडाला लावला. "ताई बेडूक झाली गं माझी," म्हणून ती रडायला लागली, पण पालीपेक्षा हे बरं असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

मला हसू येत होतं. मी खाली बघून ते गिळलं. हिरीला बेडकाची फार किळस. पावसात एखादा आत आला की ती झाडू घेऊन त्याच्या मागं लागायची आणि ओरडायची माझ्यावर. "तुमच्याच कुडाला फटी हायेत, म्हनून येत्यात ही!" बोलणं खोटं नव्हतं. मी जन्मभर लोकांच्या कुडाच्या भिंती बांधल्या. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, बांधायच्या, वर शेणमाती लिंपायची. आमच्या कुरवंड्यातली कितीतरी घरं, लोणावळ्याच्या बंगल्यांमागच्या माळ्यांच्या खोल्या, सगळं केलं. माझ्या स्वतःच्या घराची पावसाच्या बाजूची भिंत मात्र कलली होती.

माझा मुलगा सोपान तळेगावला काचेच्या कारखान्यात आहे. दहावं झाल्यावर तो म्हणाला, "बा, आता हितं कोनासाठी ऱ्हातो? माझ्याकडं चल. पाऊस वसरला की येतो, घर उतरवू. खांब न् वासे चांगलं हायेत. माझ्या खोलीम्होरं पडवी निघंल."

मी बरं म्हणालो. सून चांगली आहे, नातू आहे. नको म्हणायला कारण सापडेना.

सगळे गेल्यावर घरात फक्त पावसाचा आवाज राहिला. मग एके दिवशी दिवेलागणीला दुसराच आवाज ऐकला. टिक, टिक, टिक, टिक. कुणी नखानं लाकडावर मारावं तसा. आमच्याकडे पावसाच्या बाजूनं भिंतीला पाल्याचा आडोसा बांधतात. तो आडोसा आणि भिंत यांच्या मधल्या ओल्या जागेतून आवाज येत होता. चिमणी घेऊन गेलो तर कारवीच्या काठीवर एक बेडूक. अंगठ्याच्या नखापेक्षा जरासाच मोठा, वाळक्या पानाच्या रंगाचा. ओरडताना गळ्याखाली अंगाएवढा फुगा यायचा. बोटांच्या टोकांना त्याच गोल गाद्या. त्यांच्यावर तो उभ्या काठीला चिकटून बसला होता.

रोज संध्याकाळी तो ओरडायचा. मी भाकरी भाजता भाजता ऐकायचो. पलीकडेच ओहोळ वाहतो, पण तिकडे तो कधी गेलेला मी पाहिला नाही. एका सकाळी भिंतीच्या पायाशी त्याच्याहून थोराड एक मादी दिसली. मागच्या पायांनी ओली माती आणि पाला उकरून ती त्यात बसली होती. दुपारी ती नव्हती. मी पाला बाजूला केला तर खाली अंडी. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, मातीत कालवलेली. मी बेडकाची अंडी नेहमी खाचरातल्या पाण्यातच बघितली होती. इथं पाण्याचा थेंब साठत नव्हता. पण ती मादी इथलीच, तिला ठाऊक असेल, म्हणून मी पाला होता तसा ठेवला.

नागपंचमीला सावित्रा आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही, घरात दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं. मी लाकडं आणायला गेलो आणि परत आलो तर ती भिंतीशी हात जोडून बसलेली. समोर हिरीचा तांब्या. तांब्यात पाणी, पाण्यात अंडी, आणि वर हळदकुंकू.

"काय केलंस हे?"

"आवो दाजी, कोरड्यात पडली हुती बिचारी. बेडकाला पानी नको? निम्मी खोल मातीत हुती, ती निघाली न्हाईत."

मी लाकडं चुलीपाशी ठेवली. ती राहिली आणि दोन दिवस तांब्यापाशी घिरट्या घालत होती. तिसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडली. मग पाण्याला वास यायला लागला.

तिनं तांब्या माझ्यासमोर ठेवला. रडली नाही. नुसती म्हणाली, "मीच मारली का वं दाजी तिला?"

"कुनाला?"

"ताईला. तिच्या पोरांना."

"अगं येडी का खुळी तू? हिरी आन् बेडूक? ती बेडूक झाली आसती तर आदी स्वतःच्याच मागं झाडू घिऊन पळाली आसती."

सावित्राला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. मीही रडलो. दहाव्याला आलं नव्हतं तेवढं आलं. मग मी तांब्या ओहोळावर नेऊन घासला आणि तिला टाकव्याच्या वाटेला लावलं.

राहिलेल्या अंड्यांना मी हात लावला नाही. सकाळी पाला उचलून बघायचो आणि परत ठेवायचो. आधी आत नुसता ठिपका होता. मग दोन डोळे आले. शेपूटवाली मासोळी होईल असं मला वाटत होतं, खाचरातल्या बेडकांची होते तशी. तसं काही झालं नाही. अंड्यातच पाय फुटले. बारीकशी शेपूट दिसत होती, तीही आतच जिरत चालली. अंड्यातच फिरून ते पिल्लू कूस बदलायचं. मी उकिडवा बसून बघायचो आणि कामावर जायला उशीर व्हायचा.

गणपती बसायच्या आधी सोपान आला. पहार घेऊन आला, वासे बांधून न्यायला काथ्याच्या दोरीचा मोठा गुंडाळा घेऊन आला. चहा पिऊन तो थेट कललेल्या भिंतीकडे निघाला.

"आदी हीच पाडतो. हिला काय जोर लागनार न्हाई."

"थांब," मी म्हणालो. "तिच्या बुडाशी अंडी हायेत."

"कसली?"

"बेडकाची."

सोपाननं पहार खाली टेकवली. "मावशी बोलली मला. बा, तू बी तसंच धरून बसलास का?"

"मावशीचं सोड. चार दिस ऱ्हाऊ दे त्यांना. हलवली तर मरत्यात."

तो चिडला होता, पण कारखान्यातून रजा काढून आला होता, थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी भुरभुर होती. मी पाला उचलला आणि त्याला हाक मारली. एक अंडं फुटलं होतं. त्यातून पिल्लू निघालं ते पुरतं बेडूक होऊनच. मुंगळ्याएवढं. चार पाय, डोळे, सगळं जिथल्या तिथं. ते माझ्या नखावर चढलं आणि तिथून गवतात उडालं.

"आयला," सोपान म्हणाला. तो खाली बसला. दुसरं निघालं, तिसरं निघालं. "बा, ह्ये बघ, ह्याला आजून शेपटी हाय!" असं तो लहानपणीच्या आवाजात बोलला. दुपारपर्यंत आम्ही दोघं तिथंच होतो. नंतर पाल्याखाली नुसत्या साली उरल्या.

सोपान उठला, हात झटकले. "झालं. गेली समदी. आता काय आडवं न्हाई. उतरवू या?"

मी शोधून बघितलं. खरंच काही आडवं नव्हतं.

"मला यायचं न्हाई," मी म्हणालो.

"आता काय झालं?"

"काय झालं न्हाई. मला हितंच ऱ्हायाचंय."

"एकटा?"

"एकटा. मला हितं बरं वाटतं रं. सकाळी उठतो, चूल पेटवतो, काम आसंल तर जातो. तुझ्या आयची याद आली की रडतो. ते बी हितंच बरं हाय. तुझ्या एका खोलीत, सूनबाईम्होरं, कुटं रडू मी?"

सोपाननं भिंतीला हात लावून ढकलून बघितलं. ती करकरली.

"ही काय पुढचा पावसाळा काढनार न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई काढनार."

"माळ्यावर कारवी हाय का?"

"हाय."

त्यानं दोरीचा गुंडाळा सोडला, विळा घेतला आणि ती एवढी लांब दोरी हातहातभर तोडायला बसला. आता तिनं वासा काय, मोळीही बांधता आली नसती. मी त्याला अडवलं नाही.

जुन्या काठ्या काढून आम्ही नव्या उभ्या केल्या. कूड बांधायला दोन माणसं लागतात, एक बाहेर आणि एक आत. बाहेरच्यानं दोरी फटीतून आत सारायची, आतल्यानं आडव्या काठीवरून वळवून परत द्यायची आणि बाहेरचा आवळेपर्यंत काठी दाबून धरायची. आमच्या घराला आतून नेहमी हिरी असायची. मी बाहेर उभा राहिलो. सोपान आत गेला.

फटीतून माणूस दिसत नाही, नुसती बोटं दिसतात. मी दोरी सारली. जरा वेळ काही झालं नाही. मग टोक बाहेर आलं. मी ते धरून ओढलं.

"बास का?" आतून विचारलं.

"आजून," मी म्हणालो.