सात आणि शहाऐंशी

नेटवर्कची कामं करणाऱ्या शारिकला या कामात पैसा मिळणार नव्हता; मिळणार होती काशिफा. बोर्लीच्या बाजारात मासळीचं दुकान चालवणारे अहमदभाई, म्हणजे तिचे अब्बा, बोलून गेले होते: जेट्टीवरच्या कोल्ड स्टोरेजचं तापमान ज्या दिवशी दुकानातल्या कॉम्प्युटरवर दिसेल, त्या दिवशी आईला मागणी घालायला पाठव.

शारिकनं दुकान आणि जेट्टी यांच्यामध्ये वायरलेस लाइन जोडली. पारा काही दिसेना. खोट लगेच सापडली. दुकानातल्या सगळ्या यंत्रांचे पत्ते १९२.१६८.१ नं सुरू होत होते, आणि अहमदभाईंचे धाकटे भाऊ हुझैफा सांभाळत होते त्या कोल्ड स्टोरेजमधलेही.

"राउटरकडे एक यादी असते, चाचा," शारिक अहमदभाईंना म्हणाला. "ही आपली आळी, इथलं हातोहात द्यायचं. ती जेट्टीची आळी, तिथलं लाइनीवरून धाडायचं. ओळखीचं न्हाय ते बाहेर, इंटरनेटला. आता दोन्ही आळ्या एकच नंबर लावून बसल्यात. तुमचा राउटर जेट्टीचा थर्मामीटर तुमच्याच गल्ल्याखाली शोधतोय."

एकानं शेवटच्या १ च्या जागी २ घ्यायचा, एवढंच होतं. पण अहमदभाई म्हणाले, थोरला मी. हुझैफा फोनवर म्हणाले, नेट आधी मी घेतलं. दोघांनी शारिकला आग्रहानं चहा पाजला. नंबर कुणी सोडला नाही. चौथ्या दिवशी अहमदभाईंनी तोड काढली. "मला सातशे शहाऐंशी दे, बिस्मिल्लाचा आकडा. गाडीलाही तोच हाय." शारिकनं हात जोडले: दोनशे पंचावन्नच्या पुढे आकडा चालतच नाही.

काशिफा शेजारी पावत्या लावत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मग दोघांत वाटा की. अब्बा थोरले, त्यांना पुढचा सात. चाचांना शहाऐंशी, आकडा मोठा."

हुझैफांनाही हे पटलं. शारिकनं रविवारभर कॅमेरे, प्रिंटर, थर्मामीटर, सगळ्यांचे पत्ते बदलले आणि दोन्ही राउटरच्या यादीत एकमेकांची वाट लिहिली. असरच्या नमाजाच्या सुमारास, दुपार कलताना, दुकानात पडद्यावर उणे अठरा उमटलं. अहमदभाईंनी ते तीनदा वाचलं. "पोरगा डोकेबाज हाय," ते म्हणाले. शारिकनं मान लववून शाबासकी घेतली. काशिफानंही अब्बांची चूक सुधारली नाही.

अहमदभाईंना सात मिळाले, हुझैफांना शहाऐंशी, शारिकला काशिफा. किंमत मोजली ती काशिफानं: डोकं तिचं, नाव त्याचं. आणि हे शारिकला आता जन्मभर ऐकावं लागणार आहे.