पिसारा मानेला कसा आला?

मित्रांनो, माझ्या अंगावर पांघरलेल्या कापडाकडे नीट पाहा. त्यावर एक मोर आहे आणि त्याचा पिसारा थेट मानेतून निघाला आहे! हसा, पोटभर हसा. आता मीही हसते. पण हा मोर जन्माला आला, त्या दिवशी माझ्या तोंडचे पाणी पळाले होते.

मी गारखेड्यातली एक जुनी भरतकामाची मशीन आहे. अंबिकाताईंनी मला घरी आणले, तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! माझी सुई चालू लागली की शेजारच्या बायका हातातले काम टाकून बघायला यायच्या. मी हाताची चलाख, पण मेमरी माझी इवलीशी. एका वेळी पाचशे टाके लक्षात राहतात, अधिक नाही. म्हणून मोठी नक्षी मला घासाघासाने भरवावी लागते.

हे भरवण्याचे काम ड्रायव्हरचे. ड्रायव्हर म्हणजे स्टिअरिंगवर बसणारा नव्हे बरं का! हा संगणकात राहणारा एक छोटासा प्रोग्राम. संगणकाच्या मेमरीतली नक्षी घ्यायची आणि तिची हुबेहूब नक्कल माझ्या मेमरीत आणून ठेवायची, एवढेच त्याला ठाऊक. अंबिकाताईंचे धाकटे दीर मुकुंद यांनी तो लिहिला होता. तो पाचशे टाके ठेवायचा, मला वेळ मिळावा म्हणून ठरलेल्या आकड्यापर्यंत मोजायचा आणि त्याच जागी पुढचे पाचशे ठेवायचा. तेवढ्यात मी आधीचे शिवून मोकळी होत असे. दहा वर्षे आमचे छान जमले.

मग घरात नवा संगणक आला. वेगाने नुसता वारा! त्याच आठवड्यात पडेगावच्या सरूबाई लेकीच्या लग्नाचा शेला घेऊन आल्या. त्यावर बारा मोर भरायचे होते आणि लग्न दोन दिवसांवर आलेले. अंबिकाताईंनी आधी मांजरपाटाच्या तुकड्यावर एक मोर काढून पाहिला. तोच हा. दुसरा काढला, तर त्याचे पाय डोक्यावर!

“वहिनी, मशीन म्हातारी झाली,” मुकुंद म्हणाले. “संगणक तर नवाकोरा आहे. म्हणजे दोष हिचाच. द्या फकिराला.”

फकिरा म्हणजे भंगारवाला. त्याची हातगाडी नेमकी दाराशीच उभी होती. त्याने गाडीवरची दोरी सोडायला सुरुवातसुद्धा केली. मला फार वाईट वाटले.

कारण माझा दोष नव्हताच! माझ्या मेमरीत खुणेची एक जागा आहे. टाके शिल्लक असले की मी तिथे ‘एक’ लिहिते, संपले की ‘शून्य’. त्या दिवशीही मी ‘एक’ लिहिला होता. पण ड्रायव्हर तिकडे कधी बघतच नसे. जुना संगणक सावकाश मोजायचा, म्हणून निभावले. नवा मात्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मोजून मोकळा. मी मान शिवत असतानाच तो पोटाचे टाके पुसून त्यांच्या जागी पिसारा ठेवायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

सरूबाईंचा सगळा जीव शेल्यात अडकलेला. “ताई, उद्या सांजच्याला पोरीला हळद लागंल,” त्या काकुळतीने म्हणाल्या. “हिला काय व्हतंय, ते तरी सांगा.”

मुकुंदांनी समजावले, “संगणक हिला टाके वाढत जातो, ही शिवत जाते. सध्या हिला झेपत नाही.”

“म्हंजे पंगतीतल्या वाढप्यावाणी म्हना की!” सरूबाई म्हणाल्या. “मंग पानावर हात आडवा धरलाय का नाय, ते बघतो का त्यो? आमच्या गावात एक वाढपी हाय, खाली बघतच नाय. भातावर जिलबी अन् जिलबीवर कढी!”

अंबिकाताई खळखळून हसल्या. मुकुंदही हसले, पण मधेच थांबले.

“नाही बघत,” ते हळूच म्हणाले. “मी त्याला बघायला शिकवलंच नाही.”

त्यांनी तिथल्या तिथे बसून ड्रायव्हरचे मोजणे काढून टाकले. आता आधी माझी खूण पाहायची, शून्य दिसले तरच पुढचे टाके ठेवायचे. तिसरा मोर उमटला तो असा देखणा की सरूबाईंनी त्याच्यावरून बोटे मोडली. “लई आवरदा हाय हिला, अजून लई जगंल,” म्हणत फकिराने दोरी पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाराही मोर पुरे झाले. मुकुंदांनी स्वतः मला तेलपाणी केले. निघताना सरूबाईंनी अंबिकाताईंच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि चार दाणे माझ्यावरही टाकले. “तूबी ये गं लग्नाला,” म्हणाल्या. मला कुठले पाय? पण तो मान मी आजही विसरलेले नाही.

आता शेजारी मोठ्या मेमरीची नवी मशीन आली आहे. माझ्याकडे रुमाल आणि बाळांची झबली येतात. तक्रार नाही. मित्रांनो, विनवणी मात्र एक आहे. काम बिघडले की एखाद्याच्या म्हातारपणावर खापर फोडण्याआधी जरा पाहा, त्याने हात आडवा धरला होता का? मी तर धरूनच बसले होते.