सिस्टरबाईंची पाळी

ताई लेकीच्या बाळंतपणाला निघाली तेव्हा तिने धाकट्या बहिणीला एवढंच सांगितलं होतं, "मागच्या सेडमला पंधरा दिवसांतून एकदा घोटभर पाणी दे. नाही दिलंस तरी चालेल."

'नाही दिलंस तरी चालेल' यावर धाकटीने विश्वास ठेवला नाही. चौतीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई ती, सगळी गल्ली तिला अजून सिस्टरबाईच म्हणे. 'मला काही नको' म्हणणाऱ्या पेशंटलाच सगळ्यात जास्त हवं असतं, हे तिला पाठ होतं. शिवाय निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झालेलं. घरात बसलं की पाय आपोआप हलायचे, आवरलेलं कपाट ती पुन्हा आवरायची. जित्याची खोड, दुसरं काय.

तेव्हा तिने ताईच्या घराच्या मागच्या दारावर तक्ता लावला. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. पाणी किती दिलं, पानांचा रंग कसा, खाली सही. सेडम म्हणजे दगडांच्या फटीत वाढणारी, जाड रसाळ पानांची बुटकी झाडं. हा दगडांचा वाफा भाऊजींनी स्वतः रचला होता आणि दोन वर्षांपूर्वी ते गेल्यावर ताई दुपारची तिथेच बसायची. शेवटच्या आजारात भाऊजींचं सगळं सिस्टरबाईंनीच केलं होतं, रजा काढून. त्याबद्दल ताई कधी चांगलं बोलली नाही की वाईट. ते न बोलणंच सिस्टरबाईंना खात होतं. निदान वाफा तरी टवटवीत सोपवू, असं तिने मनाशी घेतलं होतं.

पाचव्या आठवड्यात पानं काचेसारखी झाली. बोट लावलं की गळायची. पाणी कमी पडतंय वाटून तिने दुपारची पाळीही सुरू केली. गुरुवारी एक झाड सहज उचललं तर ते बुडापासून अलगद हातात आलं. मूळ काळं, लिबलिबीत. ताई रविवारी येणार होती. सिस्टरबाईंच्या पाचावर धारण बसली.

रोपवाटिकेतल्या म्हाताऱ्याने झाडाचा वास घेतला आणि तिच्याकडे पाहिलं.

"बाई, याला पाण्याने मारलंत. अति तिथे माती."

"वाचेल का?"

"शेंडे चांगले असतील तेवढे कापा. कापलेली जागा सावलीत तीन दिवस सुकू द्या. मग वाळूत खोचा, आणि आठ दिवस पाण्याचं नाव काढू नका."

"त्या आठ दिवसांत मी काय करायचं?"

"काही नाही," म्हातारा म्हणाला. "जमेल का?"

चांगले शेंडे निघाले तेवीस. ते वर्तमानपत्रावर मांडून ती शुक्रवारी तीनदा आणि शनिवारी सातदा बघायला गेली. एकदा तर पाण्याची बाटली हातात होती. स्वतःवरच खेकसून ती तिने मोरीत रिकामी केली. फोन करून ताईला आधीच सांगावं असं दहा वेळा वाटलं, पण धीर झाला नाही.

रविवारी ताई आली ती सरळ मागे गेली. उघडे दगड, मधे ओली काळी माती, पायरीवर कागद. दारावरचा तक्ता तिने पहिल्या ओळीपासून वाचला.

"माझ्याच हाताने गेलं, ताई. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही."

"त्यांच्या वेळीही असाच तक्ता होता," ताई म्हणाली. "दर दोन तासांनी उठवायचीस. बीपी, ताप, गोळी. शेवटच्या रात्री 'राहू दे गं' म्हटलं मी, तर मलाच बाहेर बसवलंस."

"मी त्यांना वाचवत होते."

"माहितीये. तुझ्याइतकं कुणीच केलं नसतं." ताई पायरीवर टेकली. "पण नर्स मला कुठूनही मिळाली असती. बहीण हवी होती, आणि ती काही आलीच नाही."

सिस्टरबाईंना रडू फुटलं. वॉर्डात कधी फुटलं नव्हतं, भाऊजींच्या वेळीही नाही. ताईने तिला रडू दिलं. मग दोघींनी मिळून तेवीस शेंडे वाळूत खोचले.

"आता पाणी कधी?" ताईने विचारलं.

"आठ दिवस नाही."

"मग आठ दिवस इथेच राहा," ताई म्हणाली. "आणि काही करू नकोस."

सिस्टरबाई तिच्याशेजारी बसली. पाय हलायला लागले, ते तिने दाबून धरले. थोड्या वेळाने तिने ताईचा हात हातात घेतला.

"नाडी मोजतेयस?" ताईने विचारलं.

"हो," ती म्हणाली, आणि बोटं मनगटावरून काढून तिने ताईचा तळवा घट्ट धरला. "आता नाही."