न सांगता अडवलेलं पाणी

पणजोबांची जमीन मुळशीच्या धरणाखाली गेली, तीही कुणी न विचारता, हे कुशाबा इतक्या वेळा सांगे की त्याच्या भाडेकरूंनाही ते पाठ झालं होतं. त्याची मुलगी गौतमी पुण्यात कायदा शिकायची. हे ऐकतच वाढलेल्या गौतमीने कॉलेजातल्या लुटुपुटीच्या खटल्यासाठी विषय घेतला: दोन देशांतून वाहणारी नदी आणि वरच्या देशाने बांधलेलं धरण. तिची बाजू खालच्या देशाची. सुट्टीला गावी येऊन पंधरा दिवसांत चौदा पानं लिहून झाली होती आणि झकास उतरली होती. तिला स्वतःचं कौतुक वाटत होतं, खोटं कशाला बोला.

त्या दुपारी खालच्या वाडीची धोंडाबाई पाटी घेऊन दारात आली. पाटीत मेलेले मासे होते. ओढ्याच्या डोहातले, देवीचे. वाडीतल्या कुणी आजवर त्यांना गळ लावला नव्हता.

“कुशाबा, बंधाऱ्याला फळ्या कदी घातल्यास? डोह आटला. धा-बारा मासं अजून जित्तं हायेत, चिखलात तोंड वर करून.”

“झालं आठ दीस. भाड्याच्या खोल्यांच्या टाक्या भरंनात. माज्या वावरातलं पानी मी अडवलं, त्यात तुजं काय गेलं?”

गौतमी हातातली पानं ठेवून दारात आली. वरच्या देशाचा वकील हेच म्हणणार होता, आणि त्याला द्यायचं उत्तर तिने आरशासमोर उभं राहून घोकलं होतं. तेच ती आता बापाला म्हणाली.

“आपल्या हद्दीतलं असलं म्हणून खालच्याचं वाटोळं करायचा हक्क आपल्याला न्हाई, आप्पा.”

कुशाबा आधी तिच्याकडे बघत राहिला, मग पाटीकडे. चपला न घालताच तो ओढ्याकडे निघाला. तिघांनी मिळून एकेक फळी उपसली. पाणी खाली धावलं, त्याच्यामागून ही तिघं.

डोहापाशी पोचली तेव्हा उरलेले मासेही पांढरी पोटं वर करून पडले होते. आलेल्या पाण्याने ते नुसते हलत होते. कुशाबाने टोपी काढली.

धोंडाबाई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

“अडवायच्या आदी एक हाळी दिली असतीस, तर घागरीत घालून नदीला सोडलं असतं की रं,” एवढंच ती म्हणाली.

पूर्वसूचना. गौतमीच्या चौदा पानांतली चार त्यावरच होती.

“आज्जी, फळ्या मीच दिल्या हुत्या आप्पांच्या हातात,” ती म्हणाली. “तुमचा डोह खाली हाय, हे मला ठावं हुतं.”

धोंडाबाईने मान वर केली नाही. ती वाकून मासे ओच्यात गोळा करू लागली, तशी गौतमीही चिखलात उतरली.