तेरा नंबरचे कांदे, अकरा नंबरचा मीटर

ग्लेनिस हार्ग्रीव्ह्जला यंदा दोनशे चौदा पौंडांचा फायदा व्हायचा होता. त्यातले दोनशे दहा कुठे जाणार हे ठरलेलं होतं, आणि उरलेल्या चारांचं आइस्क्रीम. स्कारबरोला मिसेस पिकल्सच्या लॉजमध्ये ती अकरा वर्षं जुलैचा एक आठवडा काढत होती, आणि अकराही वर्षं मागच्या खोलीत. तिथून कचऱ्याचे डबे दिसत आणि त्यांच्यावर भांडणारे समुद्रपक्षी दिसत. समुद्र तेवढा दिसत नसे. पुढच्या खोलीला रात्रीचे तीस पौंड जास्त. सात रात्रींचे दोनशे दहा. मिसेस पिकल्सनं फोनवर बजावलं होतं, "शुक्रवारपर्यंत धरून ठेवते. मग लीड्सहून एक दंतवैद्य विचारतोय."

आज सोमवार होता.

पैसे यायचे ते वीज कंपनी बदलून; इंग्लंडात घरातली तार तीच राहते, बिल धाडणारी कंपनी हवी ती निवडता येते. टॅनर स्ट्रीटवर या कामात ग्लेनिसचा हात धरणारं कुणी नव्हतं. वय एकाहत्तर, चष्मा दोन, वह्या सहा. कुणाचा ठरावीक दर कधी संपतो, कुठली कंपनी नव्या गिऱ्हाइकाला लाडू देते आणि जुन्याला टोला, सोडून जाताना कोण दंड लावतं, सगळं पाठ. अख्ख्या गल्लीला तिनं या कंपनीतून त्या कंपनीत नेऊन बसवलं होतं. पलीकडच्या नऊ नंबरच्या रुखसानाचे वर्षाला एकशे नव्वद वाचवले, कोपऱ्यावरच्या न्हाव्याचे तीनशे.

फक्त तिचं स्वतःचं बिल हटत नव्हतं. गॅसचं उतरायचं, शहाण्यासारखं. विजेचं मात्र सहा वर्षांत सहा कंपन्या झाल्या तरी महिन्याला एकशे अठरा पौंड. एकटी बाई, एका वेळी एकच दिवा, कपडे वाळवायला दोरी, अंग शेकायला गरम पाण्याची रबरी पिशवी.

आणि तिला लागून तेरा नंबरात क्लिफर्ड ऑग्डन. निवृत्त बस ड्रायव्हर. तीस वर्षं एकच कंपनी, तीसुद्धा सगळ्यात महागडी. परसातल्या शेडमध्ये डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत जांभळे दिवे, खाली गरम गाद्या, वर पंखे, आणि त्या थाटात त्याच्या कांद्यांची रोपं. साधे कांदे नव्हेत. सप्टेंबरात प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवले की लहान मुलांनी हात लावायला घाबरावं असे, एकेक सात-आठ किलोचा. सहा वर्षं पहिला नंबर त्याचाच. अशा माणसाचं वीजबिल महिन्याला चाळीस पौंड!

"निष्ठा, पोरी, निष्ठा," क्लिफर्ड कुंपणावर कोपरं टेकून सांगायचा. तो सगळ्याच बायकांना पोरी म्हणे. बसमध्ये लागलेली सवय. "तू दरवर्षी नवा घरोबा करतेस. कंपनीला कळतं ते."

"कंपनीला काय कळतं रे? कंपनीला मन असतं?"

"सहा वर्षांपूर्वी माझं बिल एकदम निम्म्याखाली आलं. न मागता! मी त्यांना आभाराचं पत्र टाकलं."

"उत्तर आलं?"

"नाही. पण बिल पुन्हा चढलं नाही."

ग्लेनिस घरात जाऊन आणखी एक दिवा घालवायची.

तर सोमवारी सकाळी ती कॉम्प्युटरसमोर बसली. शेजारी रुखसाना, ती समोसे घेऊन आली होती आणि तिचंही वर्ष संपत आलं होतं. दर जुळवून दाखवणाऱ्या साइटवर ग्लेनिसनं वर्षाचे युनिट टाकले. पाच हजार दोनशे. आकडे गरगरले आणि हिरव्या अक्षरांत उत्तर आलं: बचत दोनशे चौदा.

"समुद्र दिसला!" ग्लेनिस म्हणाली.

रुखसाना मात्र पडद्याकडे बघत राहिली होती. "आंटी, पाच हजार दोनशे?"

"हो. का?"

"माझे चार हजार नऊशे आहेत."

"मग?"

"माझ्या घरात सात माणसं आहेत, आंटी. तिघांना वाढतं वय आहे, दोघांना केस वाळवायचं यंत्र लागतं, आणि आमचे हे टॅक्सीवरून आले की ओव्हन लावतात. तुमच्याकडे एक मांजरसुद्धा नाही."

ग्लेनिसचा समोसा हातातच राहिला. सहा वर्षं तिनं दर तपासले होते. पैशा-पैशाचे, कंपनीमागून कंपनीचे. युनिट तपासायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं. बिल दुप्पट झालं त्या वर्षी तिनं पहिली वही आणली, कारण बिल वाढलं म्हणजे कंपनी चोर हे टॅनर स्ट्रीटवर लहान मूलही सांगेल.

"मेन स्विच कुठाय?" रुखसानानं विचारलं.

जिन्याखालच्या कपाटात होता. खटका पडला. फ्रीज गप्प झाला, घड्याळ विझलं, कॉम्प्युटर मालवला. दोघी कोट चढवून अकरा आणि तेराच्या मधल्या बोळात आल्या. तिथं भिंतीतल्या लाकडी खणात दोन्ही घरांचे मीटर शेजारी शेजारी होते: डावा ग्लेनिसचा, उजवा क्लिफर्डचा. वीज वापरली जाते तसा मीटरवरचा लाल ठिपका लुकलुकतो.

घरात वीज बंद. आणि डावा ठिपका लग्नघरच्या माळेसारखा लकाकत होता.

"चोर!" ग्लेनिस ओरडली. "कांदेचोर!"

"कांदे त्यांचेच आहेत, आंटी. वीजचोर म्हणा."

क्लिफर्ड हातात मातीचं घमेलं घेऊन बाहेर आला. आरोप ऐकून त्याचा चेहरा बिटासारखा झाला. "तीस वर्षांचा शेजार! तुझ्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा दिला मी, आणि मी तुझी वीज चोरतो?"

"मग हे काय नाचतंय माझ्या मीटरवर?"

"मला काय ठाऊक? तूच काहीतरी चालू ठेवलं असशील."

"मेन बंद आहे!"

"माझा मीटर बघ, कसा शांत आहे. नेहमीच शांत असतो. याला म्हणतात संस्कार."

तिघांनी उजव्या मीटरकडे पाहिलं. तो खरोखर शांत होता. शांत म्हणजे मेलेला. ठिपका नाही, आकडा नाही हलत. आणि क्लिफर्डच्या परसात शेडच्या फटींतून जांभळा उजेड ओसंडत होता, पंखे घरघरत होते.

पहिली हसली ती रुखसाना. तिनं तोंडावर ओढणी धरली, पण खांदे ऐकेनात.

"क्लिफर्डकाका," तिनं कसंबसं विचारलं, "तुमचे दिवे कशावर चालतात? निष्ठेवर?"

ग्लेनिस तडक घरात गेली. मेन लावला आणि विजेची किटली सुरू केली. बोळातून रुखसानाचा आवाज आला, "उजवा! उजवा नाचतोय! आंटी, बंद करा! बंद झाला! लावा! नाचला!"

मग क्लिफर्डनं आपली किटली लावली. डावा ठिपका इतका पिसाळला की दिसेनासा झाला. मग दोघांनी मिळून लावल्या. मग न्हावी गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीत सोडून आला, ते गिऱ्हाईकही गळ्यात टॉवेल घेऊन आलं, आणि बोळात उभे राहून सगळे आलटून पालटून ओरडू लागले: "अकरा, इस्त्री! तेरा, पंखे बंद! अकरा, टोस्टर!" डावा, उजवा, डावा, उजवा. सोमवार सकाळ आहे हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

सहा वर्षांपूर्वी दोन्ही मीटर एकाच दिवशी बदलले गेले होते. बसवणारा हसरा माणूस होता. अकरा नंबरात त्याला चहा मिळाला, तेरा नंबरात चहा आणि केक. या बोळात कारागिराला कोरडं पाठवत नाहीत. दुसऱ्या कपानंतर तो परत बोळात आला आणि त्यानं डावी तार उजवीकडे जोडली.

हसून झाल्यावर ग्लेनिस खुर्ची घेऊन बोळातच बसली आणि वही उघडली. क्लिफर्ड घमेलं उलटं करून त्यावर बसला.

"म्हणजे सहा वर्षं," ती म्हणाली, "तुझे कांदे मी पोसले."

"आणि तुझा एक दिवा मी," क्लिफर्ड बारीक आवाजात म्हणाला.

"वर तुझं ते प्रवचन! निष्ठा! तुझ्या कांद्यांसाठी मी सहा वेळा कंपनी बदलली रे. स्वस्तातली स्वस्त वीज शोधून दिली. तुझ्या दरानं घेतली असतीस तर दुसऱ्याच वर्षी शेडमध्ये सायकल ठेवावी लागली असती."

"आभाराचं पत्र तुला धाडायला हवं होतं, पोरी."

"आता कंपनीला फोन करते. तार सरळ करतील."

क्लिफर्डचा रंग उडाला. तार सरळ झाली की जांभळे दिवे त्याच्या मीटरवर येणार, त्याच्या महागड्या दरानं. त्यानं शेडकडे पाहिलं. आत एकवीस रोपं होती, प्रत्येकाच्या कुंडीवर तारीख. "एप्रिलपर्यंत थांबतेस का? फक्त एप्रिलपर्यंत?"

ग्लेनिसनं बरंच गणित केलं. मग पेन्सिल कानावर ठेवली. "थांबायचं नाही. क्रम बदलायचा. आधी तुझी कंपनी, मग तार."

"माझी कंपनी?"

"सोडायची."

"तीस वर्षं, ग्लेनिस!"

"त्यांनी साधं उत्तर धाडलं नाही तुला."

कॉम्प्युटरसमोर त्याला ओढून आणावं लागलं. न्हावी, रुखसाना आणि अर्धी दाढी मागे उभे राहिले. ग्लेनिसनं नाव टाकलं, पत्ता टाकला, युनिट टाकले. शेवटच्या चौकोनावर फक्त बोट टेकवायचं होतं. क्लिफर्डनं टोपी काढली.

"कळेल का त्यांना?" त्यानं विचारलं.

"काका, दाबा," रुखसाना म्हणाली. "समोसे गार होतायत."

त्यानं डोळे मिटून दाबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. न्हाव्यानं रुमाल उडवला. क्लिफर्डनं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग हळूच म्हणाला, "दुसऱ्या कुणाचं बदलायचंय का?"

आता ग्लेनिसचा हिशेब. तिच्या खऱ्या युनिटांवर तिनं साइट पुन्हा चालवली. पडद्यावर आकडे गरगरले आणि हिरव्या अक्षरांत आलं: बचत अकरा पौंड.

दोनशे चौदाचे अकरा. सहा वर्षं दिवे घालवून ती इतकी कमी वीज जाळत होती, की तिच्या साऱ्या विद्येची तिच्यापुरती किंमत वर्षाला अकरा पौंड. कंपनीच्या माणसानं फोनवर सत्तेचाळीस मिनिटं बासरी ऐकवून सांगितलं, की गेल्या एका वर्षाचा फरक परत मिळेल, सप्टेंबरात. त्याच्या मागची वर्षं आपसांत पाहा.

सप्टेंबर. आणि लीड्सचा दंतवैद्य शुक्रवारी.

मंगळवार गेला, बुधवार गेला. ग्लेनिस कुंपणापाशी आली नाही. गुरुवारी तिनं मिसेस पिकल्सला नाही म्हणून सांगायला फोन उचलला, तेवढ्यात दार वाजलं. क्लिफर्ड होता, बगलेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

"हे काय?"

"बक्षिसं. पहिल्या नंबरला पस्तीस पौंड देतात. सहा वर्षांची सहा पाकिटं. मी फोडली नाहीत कधी. बघायला बरी वाटायची." त्यानं डबा टेबलावर ठेवला. "पस्तीस सक किती होतात ते तुला मी सांगायला नको."

ग्लेनिसला सांगायला नकोच होतं. तरी तिनं पाकिटं फोडून नोटा मोजल्या. दोनदा. मग फोन पुन्हा उचलला आणि पुढची खोली सांगितली.

जुलैत ती पुढच्या खोलीत राहिली. सातांपैकी चार दिवस दाट धुकं होतं आणि समुद्र काही दिसला नाही. तीन दिवस दिसला. दिवसाला सत्तर पौंड पडला, पण तिनं मान्य केलं की तेवढ्याचा होता. मागच्या खोलीत दंतवैद्य होता. समुद्रपक्ष्यांनी त्याला झोपू दिलं नाही.

सप्टेंबरात प्रदर्शन झालं. टेबलावर आठ किलो एकशे वीस ग्रॅमचा कांदा, खाली कार्ड: ऑग्डन आणि हार्ग्रीव्ह्ज. भागीदारीची कल्पना ग्लेनिसची. क्लिफर्डला जुन्या कंपनीचं वर्षभराचं मागचं बिल आलं होतं, अकराशे चाळीस पौंडांचं. दोन वर्षांचे हप्ते. ते ऐकून तो दिवे विकायला निघाला, आणि ग्लेनिस म्हणाली होती, "विकून किती येतील? मी हिशेब केलाय. बस खाली."

त्या रात्री वहीत शेवटचं पान लिहिलं गेलं. समुद्राची खोली, दोनशे दहा: क्लिफर्ड. आइस्क्रीम, दोन, त्यात एक दंतवैद्याला दया येऊन: ग्लेनिस. आधीच्या पाच वर्षांची वीज, तीन हजार नऊशेच्या आसपास: सोडली, बदल्यात पहिल्या नंबरचा चषक वर्षातून सहा महिने अकरा नंबरच्या फळीवर. कंपनीकडून परत आलेले, नऊशे अडुसष्ट: जमा. त्यातून क्लिफर्डचे निम्मे हप्ते, पाचशे सत्तर: ग्लेनिस. कांद्याच्या बक्षिसात तिचा वाटा: साडेसतरा. कंपनी बदलून स्वतःच्या घरी झालेली बचत: अकरा.

बेरीज तिनं दोनदा तपासली. कांद्यांचा धंदा साफ बुडीत होता, आणि त्यातले निम्मे पैसे पुन्हा तीच भरत होती. या खेपेला मात्र माहीत असून.