टेबलाखालची ऊब

कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला आणि माझ्या तोंडून शिवी गेली. शेजारी कॉटवर बसलेल्या सासूबाईंनी ऐकलं नसल्याचं सोंग केलं.

मी घरबसल्या एका कचेरीचे कागद टाईप करून देते. आधीच दोनदा उशीर झालेला. साहेब सकाळी फोनवर म्हणाले होते, "आज संध्याकाळपर्यंत फाईल आली नाही, तर काम दुसऱ्या कुणाला देईन." त्यांचं तरी काय चुकलं? रोज कॉम्प्युटर बंद पडतो ही सबब आता मलाच खोटी वाटायला लागली होती.

दुरुस्तीवाल्याने पॉवर सप्लाय बदलला, धूळ झटकली, पंखा साफ केला. तो आला की सासूबाई त्याला जागा करून द्यायला उठून आत जायच्या, आणि त्याच्यासमोर कॉम्प्युटर गुणी बाळासारखा चालायचा. "वहिनी, गरम होऊन बंद पडतोय. पण का गरम होतोय, देव जाणे," असं म्हणून तो गेला, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या! तेच तेच पान पुन्हा टाईप करून मी पार विटले होते.

त्यात सासूबाई. जेवणं झाली की शाल घेऊन माझ्या खोलीत हजर. कॉट टेबलाला लागूनच. तिथे पाय सोडून बसायचं आणि विचारायचं, "हे सगळं वाचतं तरी कोण गं?"

"कुणीच नाही, आई."

"मग एवढी घाई कसली?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

मी कॉम्प्युटर परत चालू केला. अर्धं पान झालं आणि पेन घरंगळत खाली गेलं. उचलायला वाकले तर काय! कॉम्प्युटरचा डबा जमिनीवर, त्याची पाठ कॉटकडे. पाठीच्या ज्या जाळीतून गरम हवा बाहेर येते, तिला सासूबाईंचे दोन्ही पाय मोज्यांसकट चिकटलेले. वरून शाल गच्च लपेटलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"आई, हे काय?"

"ऊब येते गं इथून. माझ्या खोलीतली फरशी नुसती बर्फ असते." मग हळूच म्हणाल्या, "त्याला त्रास होतो का?"

मला धड हसूही येईना आणि रडूही. रबरी पिशवीत गरम पाणी भरून मी त्यांना त्यांच्या खोलीत नेऊन बसवलं. कॉम्प्युटर मग एकदाही बंद पडला नाही. फाईल वेळेत गेली, काम वाचलं.

दुसऱ्या दुपारीही सगळं सुरळीत. भराभर पानं होत होती. पण मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटत होतं. एवढी घाई कसली, असं कुणी विचारतच नव्हतं.

उठून त्यांच्या खोलीत डोकावले. पिशवी पायांशी तशीच होती. हात लावला तर गार पडलेली.

"हाक मारायची नाही का?"

"तू कामात होतीस ना."

मी मागे फिरले, कॉम्प्युटर बंद केला आणि परत येऊन त्यांच्याजवळ बसले. त्या एकदम धसकल्या.

"पुन्हा बंद पडला? अगं, मी तर इथून हललेसुद्धा नाही!"

"पडला नाही, आई. मीच बंद केला," असं म्हणून मी त्यांचे गारठलेले पाय मांडीवर घेतले.