बोका नसलेली चित्रं

शेवटचं चित्र खिळ्याला अडकवून चित्रकार दोन पावलं मागे सरकला आणि मान तिरकी करून पाहू लागला. चित्र सरळ लागलंय की उलटं, हे त्याचं त्यालाच कळेना. तीन वर्षांत प्रथमच त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

त्याआधी बत्तीस वर्षं त्याने मुलांच्या पुस्तकांत एक कानतुटका बोका काढला होता. प्रत्येक पानावर कुठेतरी लपवलेला, मुलांनी शोधायचा. शोधता शोधता मुलं मोठी झाली, नोकरीला लागली आणि रस्त्यात त्याला 'बोकेकाका' म्हणून हाक मारू लागली. दंतवैद्याने तर त्याचा जबडा उघडा असताना बोक्याची खुशाली विचारली होती. साठी उलटल्यावर त्याने प्रकाशकाला नकार कळवला आणि भिंतीच्या भेगांत लांबी भरायची पत्र्याची पट्टी विकत आणली. पट्टीने रेघ निघत नाही, नुसता रंग ओढला जातो. उजव्या हाताला जुनी खोड आठवू नये म्हणून रंगही त्याने डाव्या हाताने ओढला.

"कुंचले माळ्यावर ठेवतेय," बायको म्हणाली होती. "टाकत नाही. तुमचा काही नेम नाही."

उद्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. आज मुलगी नातीला घेऊन दालनात आली होती.

"मस्तच आहे, बाबा," मुलगी म्हणाली. सासूच्या नव्या पडद्यांनाही ती मस्तच म्हणाली होती.

सहा वर्षांची नात पाठीमागे हात बांधून पहिल्या चित्रासमोर उभी राहिली.

"सापडला."

"कोण?"

"बोका. ही शेपटी, हा तुटका कान."

"अगं, तो नुसता ओघळ आहे."

"म्हणून तर झोपल्यासारखा दिसतोय." ती पुढच्या चित्राकडे सरकली. "इथे पाठमोरा बसलाय. आजोबा, हा फारच सोपा केलात!"

अकरा चित्रं, अकरा बोके. चित्रकार हसायला गेला, आणि मग त्यालाही दिसला. एकदा दिसल्यावर तो दिसेनासा होईना.

"अय्या, खरंच की!" मुलगी ओरडली. आल्यापासून पहिल्यांदाच तिचा आवाज खरा वाटला.

दालनाचे व्यवस्थापक धावत आले. "काका, हे आधी नाही का सांगायचं? मी आपला बाहेरच्या फलकावर 'अमूर्त चित्रे' लिहून बसलोय. माणसं कशाला येतील? आत्ता बदलतो."

चित्रकाराने समोरचं चित्र काढलं आणि उलटं टांगलं.

"आता?"

"आता लोळतोय."

कोपऱ्यात एक कोरा कॅनव्हास भिंतीला टेकून उभा होता. वाहतुकीत चित्रांना धक्का लागू नये म्हणून मध्ये घातलेला. चित्रकाराने तो उचलून नातीसमोर धरला.

"आणि इथे?"

नातीने मान तिरकी केली, अगदी त्याच्यासारखी. बराच वेळ पाहिलं. पुढे झुकून चारही कोपरे तपासले.

"इथे नाहीये."

चित्रकाराने श्वास सोडला. कॅनव्हास हळूच भिंतीला टेकवला.

"अजून आला नाहीये," नात म्हणाली आणि कॅनव्हाससमोर मांडी घालून बसली.